मुनवरची दुसरी काठी

मुनवर शेख कचेरीत शिपाई होता आणि अख्ख्या उस्मानाबादेत त्याच्याइतका गोल्फ कुणाला कळत नव्हता. हसू येत असेल तर खुशाल हसा, गावही तेव्हा हसतच होतं. ज्या गावात लोकांना धड हॉकीची काठी माहीत नाही, तिथं गोल्फ कळून त्या माणसानं काय लोणचं घालायचं?

पण कळत होता, हे खरं. बाराव्या वर्षी तो मामाबरोबर सिकंदराबादेला गेला आणि पलटणीच्या साहेबांच्या काठ्या वाहायला लागला. या खेळात एक छोटा पांढरा चेंडू दूरच्या भोकात घालायचा असतो, आणि ज्याला सगळ्यात कमी फटके लागतील तो जिंकतो. लांबच्या फटक्याला एक काठी, जवळच्याला दुसरी, वाळूतून काढायला तिसरी, अशा दहा-बारा काठ्या एका लांबट पिशवीत असतात. ती पिशवी खांद्याला लावून साहेबामागं चालायचं आणि साहेब थांबला की नेमकी हवी ती काठी त्याच्या हातात द्यायची, हे मुनवरचं काम. अठरा वर्षं त्यानं ते केलं. वारा, उतार, साहेबाचं पोट आणि साहेबाचा राग, सगळं एका नजरेत जोखून तो काठी उपसायचा आणि ती सहसा चुकायची नाही. साहेब जिंकला की लोक साहेबाची पाठ थोपटायचे. हरला की साहेब मुनवरकडं बघायचा.

पलटणी हलल्या, संस्थान गेलं आणि मुनवर गावी परतला. परतताना त्याच्याकडं एकच काठी होती, पाच नंबरची, लोखंडी डोक्याची. एका मेजरानं जाता जाता दिलेली. मधल्या पल्ल्याची ही काठी त्यानं घराच्या आढ्याला टांगून ठेवली आणि कचेरीत चिकटला.

पुढं राज्याची वाटणी झाली, उस्मानाबाद मुंबई राज्याला जोडलं गेलं आणि पुण्याकडचे एक इंजिनिअर बदलून आले. नारायणराव त्यांचं नाव. माणूस गोल्फचा भारी शौकीन. त्यांनी कचेरीमागच्या माळावर स्वतःच्या हौसेनं चार भोकं पाडून घेतली. गवताचा पत्ता नाही, सगळा मुरूम आणि कुसळं. भोकाभोवती तेवढी जळक्या तेलात भिजवलेली वाळू अंथरलेली. गावानं त्याला 'साहेबाचा विटीदांडू' असं नाव ठेवलं. मुनवर पिशवी घेऊन पुन्हा मागं चालू लागला, आणि दिवेलागणीला साहेब घरी गेले की पाच नंबर घेऊन एकटाच त्या माळावर घुटमळू लागला.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर नारायणरावांच्या बदलीचा हुकूम आला. जानेवारीत सोलापूरच्या एका गिरणीचे साहेब लोक दरवर्षी सामने भरवत. तेवढे खेळून नारायणराव जाणार होते. हे कळलं त्या दिवशी मुनवर त्यांच्यासमोर उभा राहिला. दोन वर्षांत त्यानं कधी रजासुद्धा तोंडानं मागितली नव्हती.

"साहेब, सोलापूरला मलाबी खेळायचंय," तो म्हणाला. "पिशवी घेऊन न्हाय. माझ्या नावानं."

नारायणराव माणूस चांगला, पण चांगल्या माणसालाही असं ऐकून क्षणभर कानात वारं भरल्यासारखं होतं. मग ते म्हणाले, की नाव पाठवतो, पण एका काठीवर नऊ भोकं खेळणार कशी? त्यांनी घरातून जुनी पिशवी आणवली आणि दहा काठ्या पोत्यावर मांडल्या. बाकीच्या पुतण्याला द्यायच्या कबूल केल्या होत्या. यातली कुठलीही एक उचल म्हणाले.

आणि दुसऱ्याची काठी डोळे मिटून काढून देणारा मुनवर तिथं गोंधळून उभा राहिला. जाड्या साहेबाला काय द्यावं, तापट साहेबाला काय द्यावं, हे त्याला पाठ होतं. मुनवरला काय द्यावं हे त्याला अठरा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्यानं आठ दिवसांची मुदत मागितली.

मग काय, सल्ल्याला तोटा नाही. कचेरीतले कारकून अंबादासराव म्हणाले, की सगळ्यात लांब आणि लठ्ठ ती घे, लाकडी डोक्याची. हातात घेतली तर चार माणसांत दिसली पाहिजे. नारायणरावांचंही मत तेच पडलं. लांबचा फटका बसला की निम्मं काम होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा स्वतःचा लांबचा फटका निम्म्या वेळा बाभळीत जायचा, ही गोष्ट वेगळी.

घरी मुनवरनं हे बायकोला सांगितलं. फातिमाबी तामलवाडीची, शेतकऱ्यांच्या शेजारात वाढलेली, आणि बोलणं रोखठोक. भाकरी थापता थापता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी नांदायला आले तवा घरात एक तवा आन एक पातेलं हुतं," ती म्हणाली. "तिसरं काय घ्यावं म्हून सासूबाईनी इचारलं. म्या म्हणले, जे मागायला मला रोज शेजारी जावं लागतंय, ते घ्या. तुमी रोज काय मागायला जाताव, ते बघा की आधी."

मुनवरला तो सवाल लागला. माळावर तो कुणाकडं मागायला जाणार? पण फटके कुठं वाया जातात ते तर मोजता येईल. दुसऱ्या दिवसापासून त्यानं उजव्या खिशात मूठभर चिंचोके भरले. लांबून मारलेला फटका वाया गेला की एक चिंचोका पायजम्याच्या डाव्या खिशात. भोकापासून चाळीस पावलांच्या आत वाया गेला की एक सदऱ्याच्या खिशात. रोज पहाटे कचेरीच्या आधी आणि संध्याकाळी कचेरीनंतर, असे आठ दिवस. स्वतःला फसवायचं नाही, एवढाच नियम. हे सांगायला सोपं आहे. दोन-तीनदा तर चुकलेल्या फटक्यानंतर आजूबाजूला कुणी नाही हे बघून चिंचोका नुसताच हातात घोळवत तो उभा राहिला, आणि मग टाकला.

आठव्या दिवशी पायजम्याच्या खिशात नऊ चिंचोके निघाले आणि सदऱ्याच्या खिशात एक्केचाळीस. लांब तर तो पाच नंबरनं बऱ्यापैकी मारत होता. घोटाळा होता तो शेवटच्या चाळीस पावलांत. मधे घळ आली, बांध आला, की पाच नंबरचा चेंडू सपाट जायचा आणि कडक मुरमावर टप्पे घेत भोकाच्या पार पलीकडं पळायचा. त्याला उंच उडून जागच्या जागी बसणारा चेंडू हवा होता.

त्यानं पोत्यावरची सगळ्यात आखूड काठी उचलली. नऊ नंबर. या काठ्यांत नंबर जितका मोठा तितका पल्ला कमी आणि चेंडू उंच. हिचं तोंड पार आभाळाकडं कललेलं. सिकंदराबादेत पिशवी वाहणारी पोरं तिला फावडा म्हणत. मुनवरनं घरी येईपर्यंत तिचं मराठीत 'खोरं' करून टाकलं. अंबादासरावांनी कपाळावर हात मारून घेतला. एवढी मोठी ताटं मांडली होती आणि ह्यानं चमचा उचलला, असं ते महिनाभर सांगत फिरले. नारायणरावही जरा हिरमुसले. मुनवरला त्याचं काही वाटलं नाही. आपल्याला काय हवं हे आयुष्यात पहिल्यांदा त्याला नक्की माहीत होतं, आणि तो सुखात होता.

आता अंबादासरावांची करामत ऐका. सोलापूरहून फॉर्म आले ते इंग्रजीत. नारायणराव दौऱ्यावर, आणि फॉर्म त्याच दिवशीच्या टपालानं जायचे. अंबादासरावांची सारी हयात उर्दू दप्तरात गेलेली; इंग्रजी त्यांनी चाळिशी उलटल्यावर डिक्शनरी पुढ्यात घेऊन कमावलं होतं. साहेबांचा फॉर्म साहेबांनी दौऱ्याला निघता निघता भरून ठेवला होता. मुनवरच्या फॉर्मात नाव, वय, गाव झालं आणि पुढं रकाना आला 'हँडीकॅप'. त्यांनी डिक्शनरी काढली. अर्थ निघाला: व्यंग, अपंगत्व. भला माणूस! त्यांनी मुनवरला समोर बोलावून नीट चौकशी केली. डोळ्याला दिसतं का? दिसतं. हातपाय धड? धड. कधी हाडबिड मोडलं होतं? नाही. मग समाधानानं त्यांनी रकान्यात 'निल' लिहिलं, म्हणजे कचेरीच्या भाषेत निरंक, आणि शिक्का मारला.

गोल्फात हँडीकॅप म्हणजे कच्च्या गड्याला दिलेली फटक्यांची सूट. जेवढा गडी कच्चा तेवढी सूट मोठी. ज्याला सूट निरंक, तो पक्क्यातला पक्का. अंबादासरावांनी दोन काठ्यांच्या शिपायाला एका शब्दात जिल्ह्यातला उस्ताद करून टाकला होता, आणि चौकशी सगळी मराठीत झाल्यानं रकान्याचा इंग्रजी शब्द मुनवरच्या कानावर पडलाच नव्हता, नाहीतर त्यानं तिथंच त्यांचा हात धरला असता.

सोलापूरला एसटीतून उतरून नारायणराव आणि मुनवर मैदानावर पोचले तेव्हा फळ्यावर जोड्या लागल्या होत्या. नवख्यांच्या जोड्या खाली होत्या. मुनवरचं नाव सगळ्यात वर, गिरणीचे मॅनेजर आण्णासाहेब यांच्यासमोर. आण्णासाहेब म्हणजे तिथला पहिल्या नंबरचा खेळाडू. गेली चार वर्षं त्यांना तिथं कुणी हरवलं नव्हतं. नारायणरावांनी नोंदणीच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, फॉर्म पाहिला आणि डोक्याला हात लावला. टेबलावरचे लोक म्हणाले, यादी छापून झाली, आता बदल नाही. खेळायचं तर असंच, नाहीतर नाव मागं घ्या.

नारायणरावांनी मुनवरला बाजूला घेतलं. त्यांचा हेतू चांगलाच होता. चारचौघांत फजिती कशाला, नाव काढून घेऊ. तशीही आज माझी पिशवी धरायला कुणी नाही, असं ते म्हणाले आणि सवयीनं पिशवी पुढं केली. मुनवरचा हात पट्ट्याकडं गेलासुद्धा. अठरा वर्षांचा हात तो, त्याला काय कळतंय! पण मुनवरनं तो मागं घेतला.

"हारलो तर हारलो, साहेब," तो म्हणाला. "नाव ऱ्हाऊ द्या."

मग सुरुवात झाली. आण्णासाहेबांच्या मागं बारा काठ्यांची पिशवी वाहणारा एक गिरणी-कामगार होता. मुनवरच्या दोन काठ्या त्याच्या स्वतःच्याच काखेत. फळ्यावरची जागा बघून बघ्यांना वाटलं, वरच्या दर्जाचा खेळाडू आहे, मुद्दाम दोनच घेऊन आलाय. ते अदबीनं वाट देत होते. पहिल्या भोकाला मुनवरचे तीन फटके मातीत गेले. मनात पळून जायचं आलं, हे त्यानं नंतर फातिमाबीला कबूल केलं. दुसऱ्या भोकाला त्यानं ठरवलं, की पुढं बघायचं नाही, आण्णासाहेबांकडं बघायचं नाही. माळावर रोज करतो तेवढंच करायचं. लांबून पाच नंबर, जवळून खोरं. लांबच्या फटक्यात आण्णासाहेब दरवेळी साठ पावलं पुढं जायचे. मुनवर मागून चालत यायचा, खोरं काढायचा, चेंडू उंच चढायचा आणि भोकाजवळ थप्पकन बसायचा. भोकाजवळ मग पाच नंबरनंच हळूच ढकलायचा. पाचव्या भोकापासून आण्णासाहेब स्वतः मारण्याआधी मुनवरचा चेंडू कुठं बसला ते बघायला लागले.

आठ भोकं झाली तेव्हा आण्णासाहेब फक्त दोन फटक्यांनी पुढं होते. शेवटच्या भोकाआधी एक कोरडा नाला होता. आण्णासाहेबांचा चेंडू नाल्याच्या अलीकडं पडला. त्यांनी वाऱ्याकडं न बघता सहा नंबर मागितला. तो जास्त होणार, वारा पाठीवर आहे, आठ हवा, हे मुनवरला दिसलं. दिसलं आणि जीभ हलली. अठरा वर्षांत अशी वेळ आली की त्याच्या तोंडून नंबर आपोआप निघायचा. त्यानं दात दाबून धरले. काठी चुकते आहे हे बघून गप्प बसायची त्याच्यावर ही पहिलीच वेळ होती. चेंडू भोकावरून पलीकडच्या झुडपात गेला.

मुनवरनं खोऱ्यानं नाला ओलांडला आणि दोनदा ढकलून चेंडू आत घातला. आण्णासाहेबांना झुडपातून यायला त्याच्यापेक्षा एक फटका जास्त लागला. म्हणजे शेवटी आण्णासाहेब जेमतेम एका फटक्यानं जिंकले, तेही सूट न घेतलेल्या माणसाविरुद्ध. त्यांनी कपाळ पुसलं, मुनवरचा हात हातात घेतला आणि किती वर्षं खेळताय असं विचारलं. मुनवरनं सांगितलं, दोन काठ्यांनी महिना-दीड महिना. आण्णासाहेबांना तो चेष्टा करतोय असं वाटलं.

फटक्यांचा कागद टेबलावर द्यायचा होता. मुनवर खाकी कपड्यांत, बिल्ला लावलेला. टेबलावरच्या माणसानं कागद घेतला, सहीची जागा कोरी पाहिली आणि मान वर न करता म्हणाला, की खेळणाऱ्याची सही राहिली, साहेबांना पाठव.

मुनवरनं त्याच्यासमोरची पेन्सिल उचलली. त्याला उर्दूच लिहिता यायचं. वाकून, उजवीकडून डावीकडं, त्यानं सावकाश आपलं नाव लिहिलं.

"साहेबाचा न्हाय कागद," तो म्हणाला. "माझा हाय."