राघोबाच्या तीन पायऱ्या

विलास तेहतीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होता. राजेश्वर गावाच्या आसपास तो चढला नाही असा खांब सापडणार नाही, आणि एकदाही पडला नाही. स्वतःच्या घराच्या तीन पायऱ्यांनी मात्र त्याला जन्मभर छळलं. पहिली पायरी अर्ध्या फुटाची, दुसरी पाऊण आणि तिसरी चांगली फूटभर उंच. तिथं अंगठा ठेचायचा, आणि कळवळून मान वर करावी तर दाराची बुटकी चौकट कपाळात बसायची. "आमच्या आज्याला मापाचं अंगच न्हवतं," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. आजा म्हणजे राघोबा. घर त्यानंच बांधलेलं, आणि विलास सहा वर्षांचा असतानाच तो गेला.

आता मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. विलासची बायको पार्वतीबाई हिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन बिदरला झालं होतं. नऊ दिवसांनी ती घरी यायची होती, आणि अर्ध्या फुटाहून उंच पायरी चढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विलासनं ठरवून टाकलं. पायऱ्या उखडायच्या, घरातली जमीन खाली घ्यायची, की बाई थेट आत. नागेंद्र गवंडी सोमवारी येतो म्हणाला.

शनिवारी मुलगी आली. प्रेरणा कलबुर्गीत घरं बांधायचं शिक्षण घेत होती. पायऱ्या उखडायचं ऐकून तिनं पिशवीतून छापील कागद काढला.

"पप्पा, जुनं घर मोडायच्या आधी त्याला काय इतिहास हाय का बघावं लागतंय."

"इतिहास कल्याणच्या किल्ल्याला असतोय. आपल्या घराला कुठला?"

"बांधलं कधी?"

"ठाऊक न्हाई."

"इथं काय घडलं होतं का?"

"माझं डोस्कं रोज फुटतंय, ते लिही."

प्रेरणा हसली नाही. टेप घेऊन तिनं चौकट मोजली. जेमतेम पावणेपाच फूट. एवढं बुटकं दार कोण करतं? पणजोबा तर उंच होते असं सगळे सांगायचे. तिनं दाराशेजारी आतल्या बाजूची फरशी उचकटली आणि खुरप्यानं मुरूम उकरला. चौकट संपेना. ती जमिनीत खाली खाली जातच राहिली. फूटभर खाली एक दगडी उंबरा लागला, त्याच्याही खाली आणखी एक.

"पप्पा, दार बुटकं न्हाई. जमीन वर आलीया. दोनदा."

विलास त्या खड्ड्यात बघतच राहिला. चांगलं नांदतं घर आतून कुणी कामून भरून काढील? तो मुकाट्यानं आत्याकडं गेला. शकुबाई आत्या म्हणजे राघोबाची लेक, ब्याऐंशी वर्षांची, पण बोलणं खणखणीत. "पाणी शिरत होतं रं पावसाळ्यात. म्हणून उचललं आबानं," ती म्हणाली. विलासचा जीव भांड्यात पडला. पण परत येताना त्याच्या ध्यानात आलं, की त्यांची गल्ली चढावर आहे. तिथं पाणी थांबतं कधी? शेजारचा राजपाल तर छाती पुढं काढून म्हणाला, की त्या घरात कुणी मोठा पुढारी मुक्कामाला होता, त्याच्यासाठीच ओटा उंच केला. पुढारी कोण, हे त्यालाही सांगता येईना. प्रेरणानं दोन्ही लिहून घेतलं आणि दोन्हीपुढं प्रश्नचिन्ह काढलं. विलासचं डोकं या खेपेला चौकटीशिवायच भणभणायला लागलं.

रविवारी सकाळी शंकरप्पा आले. वरच्या आळीतले, वय ऐंशीचं, त्यांचे वडील एके काळी गावचे पाटील. माणूस मोकळा. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीची लाइन विलासनंच कितीदा जोडून दिलेली. पार्वतीबाईची चौकशी करायला आले, ते नेहमीसारखे पायऱ्यांखालीच काठी टेकून उभे राहिले. 'वर या' म्हटलं की ते गुडघ्यावर हात मारून 'न्हाई जमत बाबा' म्हणायचे. दर वेळचंच ते.

"पायऱ्या काढायलास म्हणं?" त्यांनी विचारलं.

"व्हय अण्णा. उंच हैत. आज्याचं मापच चुकलं."

शंकरप्पा पायऱ्यांकडं बघतच म्हणाले, "माप चुकलं न्हाई. राघोबानं आधी एकच बसवली होती. ह्या गल्लीतली, तुमच्या जातीची घरं भुईसपाट असावीत, पायरी करू नये, असा रिवाज होता. माझ्या अप्पानं माणसं पाठवून ती पायरी मोडली. दुसऱ्या साली राघोबानं घरात मुरूम भरला आन् दोन बसवल्या. त्याबी मोडल्या. तवा त्यानं आणखी मुरूम भरून तीन केल्या. मी तवा धा-अकरा वर्षांचा. मोडताना हितंच उभा हुतो."

"आन् तिसऱ्यांदा?" प्रेरणानं विचारलं.

"तिसऱ्यांदा कुणी गेलं न्हाई. अप्पा म्हणाले, आता मोडल्या तर हा चार करंल."

ते निघून गेले. विलास तिसऱ्या पायरीवर बसून राहिला. त्याला राग आला होता, पण कुणाचा, हे त्यालाच कळेना. जन्मभर आज्याची टिंगल केली, त्याची लाज वाटत होती. बापानं एका शब्दानं सांगितलं नाही, आत्यानंही पाण्याचं निमित्त पुढं केलं, त्याचं वाईट वाटत होतं. आणि बायकोचे गुडघे तर जिथल्या तिथं होते. प्रेरणाच्या कागदावर 'महत्त्व' असा रकाना होता. तो तिनं भरला आणि वडिलांकडं बघत राहिली. विलासला धड मोडाही म्हणता येईना, ठेवाही म्हणता येईना. सोमवारी नागेंद्र हत्यारं घेऊन आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवलं. तो मंगळवारी आला, तेव्हाही तेच. नऊ दिवस असेच गेले.

पार्वतीबाई रिक्षातून उतरली आणि वॉकर धरून पायऱ्यांपुढं उभी राहिली. पायऱ्या जशाच्या तशा. विलासनं खाली मान घालून सगळी हकीकत सांगितली, वर "मला काय सुचंनाच," अशी कबुलीही दिली. ती ऐकत होती. ऑपरेशनच्या जखमा ठणकत होत्या, तरी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"प्रत्येक खेपेला आबानं एक वाढवली न्हवं? मग तुम्ही मोडायला कामून निघालाव? वाढवा की. प्रत्येक पायरीच्या आधी एक-एक बसवा. तिनाच्या सहा हुतील, आन् मी चढंन."

एवढं साधं! विलासला स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. चार दिवस पार्वतीबाई आत्याकडं राहिली. नागेंद्रनं जुना एकही दगड न हलवता मधे तीन दगड बसवले. हे दगड शंकरप्पांनी आपल्या शेतातून ट्रॅक्टरनं पाठवले होते. ते घ्यावेत की परत करावेत, यावर विलासनं एक अख्खी दुपार घालवली. शेवटी पार्वतीबाईनंच "घ्या" म्हणून सांगितलं.

पार्वतीबाई सहा पायऱ्या चढून घरात आली, त्या संध्याकाळी शंकरप्पा आले आणि सवयीनं खालीच थांबले.

"वर या अण्णा," ती दारातल्या खुर्चीवरून म्हणाली. "दोन्ही गुडघे कापलेली बाई चढली. आता गुडघ्याचं निमित्त चालत न्हाई."

शंकरप्पांनी काठी पहिल्या पायरीवर टेकली. सावकाश, थांबत थांबत ते चढले. चौकटीतून आत येताना त्यांना कमरेत चांगलंच वाकावं लागलं. समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी दम घेतला आणि म्हणाले, "पाणी दे ग अक्का."

विलास धावत आत गेला आणि स्वयंपाकघरात गोंधळून उभा राहिला. वरच्या आळीतलं कुणी आजवर या घरचं पाणी प्यालं नव्हतं. पाण्याची सीलबंद बाटली आणावी दुकानातून? पाहुण्यांसाठी ठेवलेला नवा काचेचा ग्लास काढावा? त्याला काही ठरवता येईना.

"अहो," बाहेरून पार्वतीबाईनं हाक दिली, "रोजचाच तांब्या आणा."