जॅकवेलमधली पहिली बुडी

हवा भरलेलं सिलिंडर मी मालवणहून गावापर्यंत मोटारीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून आणलं. घाटात दर वळणाला मागं वळून बघत होतो. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही पुढं बघा. मागचं मी बघते."

मी माधवनगरच्या एका हायस्कूलमध्ये खेळाचा शिक्षक आहे. पोहायला शिकलो ते कृष्णेत, उंब्रजजवळच्या आमच्या गावात. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या मंडळींबरोबर मालवणला गेलो. तिथं पर्यटकांना हात धरून वीस मिनिटं पाण्याखाली नेतात, तसा मीही गेलो, आणि वर आल्यावर मला दुसरं काही सुचेना. पुढच्या मे महिन्यात चार दिवसांचा कोर्स केला, सर्टिफिकेट मिळवलं आणि खरेदीला सुटलो. मास्क घेतला, फिन्स म्हणजे पायात चढवायचे रबरी पंख घेतले, पोटरीला बांधायचा सुरा घेतला. खोली सांगणारं मनगटी घड्याळ तर मी वर्गातही घालून जायचो.

कोर्सच्या शेवटच्या दिवशी होडीत बसलो असताना आमचा शिकवणारा मला म्हणाला होता, "सर, तुम्ही धक्क्यावर आलात तेव्हाच ओळखलं मी तुम्हाला." तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता. कशावरून, असं मी विचारलं.

"सगळं सामान कोरं. मास्क कपाळावर चढवलेला. फिन्स घालून धक्क्यावर चालत होतात, बदकासारखे. आणि पाण्यात हात मारत होतात. जुना माणूस पाण्यात हात जवळ घेऊन असतो." मग म्हणाला, "त्याचं काही नाही, ते सगळं जातं. एक मात्र करू नका. एकटे कधी उतरू नका."

मी हो म्हणालो. मास्क तेवढा कपाळावरून गळ्यात घेतला.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर वडिलांचा फोन आला. आमचा ऊस पाच-सहा घरांच्या भागीदारीतल्या लिफ्टच्या पाण्यावर आहे. नदीच्या काठाला सिमेंटची विहीर बांधलेली आहे, तिला जॅकवेल म्हणतात. नदीचं पाणी एका पाइपातून तिच्यात येतं आणि वर बसवलेल्या दोन मोटारी ते उचलून शेतात टाकतात. प्रत्येक मोटारीचा पाइप खाली पाण्यात सोडलेला असतो. त्याच्या तळाला जाळी असलेली झडप असते, तिला आमच्याकडं सगळे फुटबॉल म्हणतात.

"एक मोटार पानी धरंना," वडील म्हणाले. "फुटबॉल चोंदलाय. पुरानं लय घाण आनलीया आत."

"चाचांना सांगा की."

"चाचाचा कान फुटलाय. डाक्टरनं पान्यात जायचं न्हाई म्हनून सांगितलंय."

चाचांचं उंब्रजला हायवेच्या कडेला मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग करायचं ते त्यांचं काम. पण तीस-एक वर्षं आसपासच्या जॅकवेलमधले फुटबॉलही तेच साफ करत आले. अंगात चड्डी, कमरेला दोर आणि छातीत एक दम, एवढ्यावर ते खाली जायचे. एका दमात जेवढी घाण ओढता येईल तेवढी ओढायची, वर यायचं, बिडी न पेटवता नुसती तोंडात धरून बसायचं आणि परत जायचं. मी लहानपणी काठावरून बघितलेलं आहे.

"मी येतो," मी फोनवर म्हणालो. वडील सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. कशाचं कौतुक करायची त्यांची पद्धत नाही. तरी म्हणाले, "ये मग. ते सर्टिफिकीट कामाला तरी यील."

सिलिंडर मिळवायला मालवणला जावं लागलं. शिकवणाऱ्याला मी सांगितलं, गावाकडं नदीत जरा सराव करायचाय. बरोबर कोण आहे, असं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, आहेत गावातले. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

सकाळी दहाला आम्ही जॅकवेलवर गेलो. मी, वडील आणि चाचा. चाचांनी कानात कापसाचा बोळा घातलेला होता आणि वर मफलर. त्यांना मी नुसतं बघायला बोलावलंय असं मला वाटत होतं. त्यांनी काखेत दोराचं वेटोळं आणलं होतं.

"दोर कशाला, चाचा?" मी म्हणालो. "हे जॅकेट आहे ना, यात हवा भरली की माणूस आपोआप वर येतो."

"येऊ दे की. दोर असला म्हनून काय खाली जाईल व्हय?" असं म्हणत त्यांनी माझ्या जॅकेटच्या खालून दोर घालून छातीला गाठ मारली. "एक हिसका म्हंजे ठीक हाय. लागोपाठ तीन म्हंजे वर वढ. ध्यानात राहील न्हवं, मास्तर?"

मी मान हलवली. माझं लक्ष नळ्यांकडं होतं. हवा किती आहे ते दाखवणारा काटा मी तीनदा बघितला. वजनाचा पट्टा बांधताना मनात आलं की बुडायला कमी नको पडायला, म्हणून दोन वजनं जास्त अडकवली.

वडिलांनी विचारलं, "मोटारी बंद हायत न्हवं?"

"लाईटच नाही," मी म्हणालो. त्या आठवड्यात शेतीची लाईट बाराला यायची. माझ्या मनातून तो विषय तिथंच संपला. वडील बरं म्हणाले आणि मोटार सुरू झाल्यावर पाणी पोचतंय का ते बघायला वरच्या शेतात निघून गेले.

मी फिन्स घालून उभा राहिलो आणि विहिरीतल्या लोखंडी शिडीकडं निघालो. दुसऱ्याच पावलाला पंखाचं टोक शिडीच्या कडीत अडकलं. चाचांनी दंड धरला म्हणून वाचलो.

"पायातलं ते पान्यात गेल्यावर घाल, गड्या," ते म्हणाले. "आन जरा बस इथं. मी आलो." ते मोटारींच्या खोलीकडं जाऊन आले. म्हातारा माणूस, लघवीला गेले असतील असं मला वाटलं.

पाण्यात उतरलो तो दगडासारखा खाली गेलो. ती जास्तीची दोन वजनं. पाय गाळात घोट्याच्या वर रुतले आणि गाळ उसळून वर आला. मालवणच्या पाण्यात मला माझी बोटं दिसायची, मासे दिसायचे. इथं डोळ्यांपुढं चहासारखं पाणी होतं, मग तेही दिसेना. नव्या मास्कची काच आतून टूथपेस्टनं घासायला सांगितलं होतं, ते मी केलं नव्हतं. तिच्यावर धुकं धरलं, पण दिसण्यासारखं काही नव्हतंच. घड्याळ नाकाशी नेलं तेव्हा आकडे पुसट दिसले. सतरा फूट. एका मजल्याच्या कौलारू घराएवढी खोली, आणि मला तोंडातली नळी सोडून काही खरं वाटेना.

चाचपडत पाइप सापडला. पाइपावरून हात खाली नेला तर फुटबॉल. जाळीला जलपर्णीची मुळं, प्लॅस्टिक, कुणाच्या तरी साडीचा पट्टा, असं सगळं पिळून बसलं होतं. सुरा काढला, पण त्यानं काही कापेना. नवा सुरा मिरवण्यापुरता होता. मी हातानंच ओढायला लागलो. धापा टाकत होतो. हवा भसाभसा जात होती, ते मला कळत होतं.

किती वेळ झाला माहीत नाही. दहा मिनिटं असतील. आणि एकदम मोटार चालू झाल्याचा आवाज आला.

पाण्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, सगळीकडून येतो. घुंई करून सुरू झाला आणि चढत गेला. तेव्हा मला आठवलं की आमच्या मोटारींना ऑटो बसवलेला आहे. लाईट आली की मोटारी आपोआप सुरू होतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. चोंदलेली मोटार पाणी उचलणार नव्हती, पण दुसरी चांगली होती. तिचा फुटबॉल माझ्या पाठीमागं, हातभर अंतरावर होता, जवळ येईल ते ओढून घेणारा. आणि ऑटो बंद करायचं मला सुचलंच नव्हतं.

त्या क्षणी मला कोर्समधलं काही आठवलं नाही. दोराचे हिसके आठवले नाहीत. मी दोन्ही हातांनी पाणी मारायला लागलो, वर जायला बघत होतो आणि वजनांमुळं जाता येत नव्हतं. जॅकेटमध्ये हवा भरायची नळी शेपटीसारखी मागं कुठंतरी लोंबत होती, सापडेना. मग छातीला ओढ बसली. एकदा, आणि मग सारखी. दोराची धडपड हाताला कळून चाचा वर ओढत होते. एवढं एक आठवलं की वर जाताना श्वास कोंडायचा नाही. मी तोंडातून बुडबुडे सोडत राहिलो.

डोकं वर आलं. मी शिडीला मिठी मारली, मास्क कपाळावर ढकलला आणि खोकत ओरडलो, "चाचा, मोटार बंद करा."

"कुठली?" चाचा म्हणाले.

मी ऐकलं. आमच्या खोलीत काही चालू नव्हतं. आवाज काठानं पन्नास-साठ पावलांवर असलेल्या शेजारच्या जॅकवेलचा होता. लाईट त्या दिवशी ठरल्या वेळेच्या दीड तास आधीच आली होती. आमच्या पेटीवरचा, लाईट आल्याचं दाखवणारा तांबडा दिवाही लागलेला होता.

चाचांनी दोर पायाखाली दाबून धरला आणि सदऱ्याचा खिसा उलटा करून पुढ्यात ओतला. चिनी मातीचे सहा फ्यूज होते. तीन एका मोटारीचे, तीन दुसरीचे.

"ह्ये खिशात आल्याबिगर मी कवा पान्यात पाय घातला न्हाई," ते म्हणाले. "बटनावर इस्वास न्हाई, ऑटोवर न्हाई, दुसऱ्यानं बंद हाय म्हनलं तरी न्हाई."

 मी शिडी चढून काठावर बसलो. रडू आलं असतं तर नवल नव्हतं. त्याऐवजी हसू आलं आणि ते आवरेना. 

"मला सांगितलं का नाही?" मी शेवटी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू तोंडानं व्हय म्हनला असतास. तुझं ध्यान त्या नळ्यांत हुतं." मग बिडी काढून नुसती तोंडात धरली. "माजंबी पयल्यांदा तसंच हुतं. माजा उस्ताद फ्यूज काढायचा आन मी दंडाच्या बेटकुळ्या बगायचो."

सिलिंडरमध्ये निम्म्याहून कमी हवा उरली होती. मी म्हणालो, आता नको, उद्या बघू. चाचा दोराचं वेटोळं नीट करत राहिले. पाच मिनिटांनी मीच पट्ट्यातली दोन वजनं काढून काठावर ठेवली. लोंबणारी नळी जॅकेटला बांधली. सुरा काढून ठेवला. खोलीत जाऊन फ्यूजच्या रिकाम्या जागा मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो, तेव्हा चाचांनी पहिल्यांदा बरं अशी मान हलवली.

दुसऱ्या वेळी मी पाइपाला एक हात लावून सावकाश उतरलो. पाय गाळाला लागू दिले नाहीत. दर थोड्या वेळानं दोराला एक हिसका यायचा, मी एक हिसका द्यायचो. शेजारची मोटार चालूच होती आणि आता तिचा आवाज सोबतीसारखा वाटत होता. जाळी हाताला मोकळी लागली, आतली झडप बोटानं उघडमीट झाली, तेव्हा वर आलो.

चाचांनी ऑटो बंद केला आणि फ्यूज एकेक करून जागेवर बसवले. मी कपडे करून, केस पुसून बाहेर उभा राहिल्यावरच त्यांनी बटण दाबलं. मोटारीनं आधी थोडी हवा ओकली आणि मग पाणी धरलं. काही वेळानं वडिलांचा फोन आला.

"आलं पानी," ते म्हणाले. "दोन तासांत केलंस की."

संध्याकाळी मालवणला फोन लावला आणि शिकवणाऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी त्यानं एकच विचारलं, "पाण्यात तुमच्याबरोबर दुसरा कोण होता?"

"कोणी नाही."

पुढची पाच मिनिटं तो मला बोलला, आणि वयानं लहान असूनही बोलला. मी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवताना म्हणाला, "त्या चाचांना एकदा इकडं घेऊन या. पाण्यात नको, नुसतं बसायला."

वडिलांना मी पंधरा दिवसांनी सांगितलं.  ते म्हणाले, "मी विचारलं हुतं, पर बगितलं न्हाई." त्यात माझ्याइतकाच स्वतःलाही दोष होता. पुढच्या उन्हाळ्यात नदी खाली गेल्यावर भागीदारांनी आत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाला लोखंडी पिंजरा बसवून घेतला. त्यावरची घाण काठावरून आकड्यानं ओढता येते. तेव्हापासून जॅकवेलमध्ये कुणाला उतरावं लागलेलं नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.