मोठ्या दिरांची भागीदारी

परदेशात येऊन दुसऱ्याच्या कारखान्यात पडदे शिवून शिवून तिची मान आखडली, तेव्हा तिनं ठरवलं, आता स्वतःचं दुकान काढायचं. ओळखीतले सगळे तिला पडदेवालीच म्हणत. नवरा बस चालवायचा. त्याच्या पगारात घरभाडं आणि चार पोटं भागत, त्यापलीकडे काही नाही.

ती बँकेत गेली. तिथल्या बाई गोड बोलल्या. "धंद्याचे मागच्या तीन वर्षांचे हिशेब आणा."

"दुकानच नाही, तर हिशेब कुठले?"

"मग दुकान काढा आणि तीन वर्षांनी या."

म्हणजे वेड गेल्याशिवाय लग्न नाही, आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. शिलाई मशीनवाला हप्त्यावर मशीन द्यायला तयार होता, पण त्याला या देशातला जामीनदार हवा होता. इथला तिच्या ओळखीचा माणूस एकच, कारखान्याचा मालक. आणि सोडायचं होतं ते त्यालाच!

शेवटी नवऱ्यानं गावी मोठ्या भावाला फोन केला. दादा नुकतेच निवृत्त झाले होते. आढेवेढे न घेता म्हणाले, "माझा फंड पडूनच आहे. पण उधार नाही देणार. निम्मी भागीदारी. आणि दुकानात एक कॅमेरा लावा, मला इथे बसून बघता येईल असा."

तिला हसूच आलं. कॅमेऱ्याचं काय एवढं!

दुकान उघडलं त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. "ती निळ्या स्वेटरवाली रिकाम्या हातानं का गेली?" "कापड कापताना बोलत जाऊ नकोस." "आज उशीर झाला, तब्येत बरी आहे ना?" आवाजात राग कधीच नसायचा, म्हणून उलटून बोलायचीही सोय नाही. मान मोडून काम करायची, पण जांभई आली तरी ती आधी वर कॅमेऱ्याकडे बघायची. डबा खायला कापडाच्या उभ्या गठ्ठ्यांमागे जायची. तिथे स्टूलही मावत नव्हतं, उभ्यानंच चार घास. एकदा कारखान्यातली जुनी मैत्रीण आली, दोघी पोट धरून हसल्या, आणि फोन वाजला. "कोण आहे गं ती?"

"जगाला पडदे विकतेस," नवरा म्हणाला, "एक त्या कॅमेऱ्यावर टाक की."

"तुमचे दादा आहेत. तुम्हीच सांगा."

तो ड्युटीचे बूट चढवायला लागला.

तीन वर्षं अशीच गेली. धंदा नीट चालला होता. आता ती हिशेब घेऊन त्याच बँकेत गेली आणि बाईंनी खरंच कर्ज मंजूर केलं. दादांचा वाटा पुरता फिटेल एवढं. फक्त भागीदारी सोडल्याची त्यांची सही हवी होती. तिनं धीर करून फोन लावला.

"पाठव कागद," दादा म्हणाले. "करतो सही. चांगलं झालं." आणि फोन ठेवला. कधी नव्हे ते काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या जाऊबाईंचा फोन आला.

"अगं, रागावू नकोस. नोकरी संपल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. तुझं दुकान निघालं आणि माणूस उठून दाढी करायला लागला. तू चहा घेतलास की म्हणतात, आपलाही ठेव. तुझ्या सुट्टीच्या दिवशी धड जेवत नाहीत. काल तुझा फोन आल्यापासून परत पडून आहेत."

"वहिनी, मला तिथे श्वास घेता येत नाही हो."

"कळतं गं," जाऊबाई म्हणाल्या. "मी तर यांच्याबरोबर घरातच असते."

तिनं कागद पाठवले नाहीत. बँकेच्या बाईंनी दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा ती "पुढच्या आठवड्यात येते" म्हणाली. मग मुदत टळून गेली.

"आता मात्र तू स्वतःहून अडकलीस," नवरा म्हणाला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती दुकानात गेली. शटर अर्धंच वर केलं, दिवा लावला आणि मशीनवर बसली. शिवायला काहीच नव्हतं. तिनं एक चिंधी घेतली आणि तिच्यावर सरळ टीप मारत राहिली. थोड्या वेळानं फोन वाजला.

"आज सुट्टी ना गं?"

"थोडं काम राहिलंय, दादा."

"बरं, बरं," ते म्हणाले. "कर सावकाश. मी आहे."