कुशीला कान असलेला माइक

"ह्या ताई बोलायल्यात का नुस्ता श्वास घ्यायल्यात?" काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक सोबत्याला विचारत होता. मधलं दार उघडं राहिल्यामुळे मला ते ऐकू आलं.

परभणीच्या रेडिओ केंद्रात निवेदिकेच्या जागेसाठी माझी आवाजाची चाचणी चालली होती. नापास झाले तर सोनपेठला मावशीकडे शिवणकाम शिकायला जायचं, हे घरी ठरलेलं होतं.

तो ध्वनिमुद्रक उठून आत आला. त्या माणसाला स्वस्थता म्हणून नव्हती. वायर सरळ कर, खुर्ची सरकव, चष्मा पूस, पुन्हा वायर. मी मात्र वाचायचा कागद हातात धरून, सभेतल्या माइकवर वाकावं तशी या माइकच्या टोकावर वाकले होते.

"टोकाला नका बोलू. ह्याचा कान कुशीला हाय." त्याने जाळीआडची रुपयाएवढी चकती दाखवली. तिच्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा ताणलेला होता, दोघांत केसाएवढी फट. "पडदा मोठा हाय, म्हणून हळू बोललं तरी आवाज भरीव येतो. वरून बोललं की दूरचा वाटतो. ओरडू नका, फक्त समोर या."

इंग्रजी शाळेत मी कायम मागच्या बाकावर बसायचे आणि घरची भाषा तोंडातच ठेवायचे. समोर ये, असं इतक्या सहज मला कोणी म्हटलं नव्हतं.

तो काचेपलीकडे गेला. टेपची चाकं फिरू लागली.

"कागद ठेवा खाली, त्याचीच सळसळ ऐकू यायलीय," स्पीकरमधून तो म्हणाला. "सकाळी काय खाल्लं, तेवढं सांगा."

मी माइकसमोर सरकले आणि म्हणाले, "काहीच न्हाई खाल्लं. लय भीती वाटायलीय."