मधमाशीच्या मापाची बंबलबी

“फ्रायडेला पेपर पाठवायचाय. तुम्ही फक्त एकदा बघून ओके म्हणा,” असं म्हणून लॅबच्या सरांनी काव्याचा डेटा माझ्याकडे दिला.

माझं काम वाचून झालेल्या डीएनएची कॉम्प्युटरवर झाडाझडती घ्यायचं. काव्या आमच्या म्हैसूरच्या लॅबमधली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सरस्वतीपुरममधल्या जुन्या मराठी शिंप्यांच्या घरातली. तिने डोंगरातल्या एका बंबलबीचा, म्हणजे मधमाशीच्या गुबगुबीत, केसाळ बहिणीचा, अख्खा डीएनए वाचला होता. तो जवळच्या नात्यातल्या जातीपेक्षा लांबीला बराच जास्त निघाला. का, तर त्यात नवे जीन भरपूर आहेत, असा तिचा दावा. तिची सगळी पीएच.डी. त्यावर उभी होती.

इतके नवे जीन बघून माझ्या मनात पाल चुकचुकली.

डीएनएतले काही तुकडे स्वतःच्या नकला काढतात आणि त्या भलतीकडेच जाऊन बसतात. त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. जीन शोधण्याआधी ते झाकून ठेवायचे, नाहीतर सॉफ्टवेअर त्यांनाच जीन समजतं. ते ओळखायला नमुने लागतात. काव्याने मधमाशीचे तयार नमुने वापरले होते. मधमाशीत असे तुकडे अगदीच कमी, त्यामुळे बंबलबीचे बरेचसे उघडेच राहिले.

मी बंबलबीच्याच डीएनएतून नमुने काढले आणि पुन्हा रन लावला. नवे जीन जवळजवळ सगळे गळाले.

काव्याला सांगायचं जिवावर आलं होतं. सांगितलं, तशी तिने दोन्ही रन शेजारी शेजारी लावून बघितले.

“अय्यो ताई, दुसऱ्याच्या मापाने ब्लाऊज शिवला मी, अल्वा, हो ना?”

“तसंच झालंय.”

“मग उसवायचा. सरांना मीच सांगते.”

सर चिडले. “आणि फ्रायडेचं काय?”

“फ्रायडेला नाही जमणार, सर,” काव्या म्हणाली. “ पण डीएनए लांब का, ते कळलं. या नकलाच वाढल्यात.”

सर म्हणाले, “मग जवळच्या जातीत तपासा.”

तपासलं. तिथे नकला खूपच कमी होत्या. जे झाकून टाकायचं, त्यावरच काव्याची पीएच.डी. झाली.

या कामात दुसऱ्याची चूक दाखवली की लोक बोलणं टाकतात. काव्याने मला घरी जेवायला बोलावलं. त्या मुलीबद्दल आजही मन भरून येतं.

जेवण झाल्यावर तिचे अप्पा म्हणाले, “ताई, तुम्हाला एक ब्लाऊज शिवून देतो.” काव्याने तसं आधीच सांगितलं होतं, म्हणून मी मापाला जुना ब्लाऊज नेलाच होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि गळ्यातली टेप काढली.

काव्या एवढी हसली की मलाही हसू आवरेना. तेव्हापासून तयार नमुने हाती आले की मी आधी टेप लावते.