नाव पुष्पाचं पुकारलं, निघालो मी

टीव्हीच्या राष्ट्रीय पुरस्कार सोहळ्यात मी स्टेजवर गेलो होतो. आमच्या गावात, अमडापुरात, कोणालाही विचारा, सांगतील. का गेलो होतो, ते मात्र मलाच सांगू द्या.

माझी धाकटी बहीण पुष्पा मुंबईत मालिकांचे कपडे करते. बारा वर्षं राण्यांचे शालू नि खाष्ट सासवांचे ब्लाउज शिवल्यावर यंदा वेशभूषेच्या पुरस्कारासाठी तिचं नाव लागलं. दोन पास जास्तीचे मिळाले, ते तिने मायसाठी नि माझ्यासाठी ठेवले.

"दादा, एकच सांगते," ती फोनवर म्हणाली, "तिथं माही इज्जत ठेव. गपचूप बसजो."

"हाव वं! मी काय लहान आहो काय?"

सोहळ्याच्या दिवशी हॉल पाहिला. अबबब! अख्खं अमडापूर बैलांसकट आत बसलं असतं, वर एका लग्नाची पंगतही उठली असती. आणि माय रोज जिला शिव्या घालते ती मालिकेतली सासू आमच्यापासून चार हातांवर! माय उठली, थेट तिच्या पाया पडली.

"बाई, लय चांगलं काम करता. पन सुनेले एवढं नका छळू हो!"

बाईंनी तिला चक्क जवळ घेतलं. माय पुढचा अर्धा तास बोललीच नाही. (आमच्या घरात हा विक्रम आहे.)

मग वेशभूषेचा पुरस्कार आला. निवेदकाने पाच नावं वाचली, तिसरं पुष्पाचं! घराएवढ्या पडद्यावर माझ्या बहिणीचा चेहरा! माझे डोळेच भरून आले.

आता आमच्याकडचा रिवाज असा, की माइकवर नाव पुकारलं की घरच्यांसकट स्टेजवर जायचं, शाल-नारळ घ्यायचा, फोटो काढायचा. दहावी पास झालेल्या पंचवीस पोरांची नावं पुकारली तर पंचवीस नारळ फिक्स. नाव पुकारून माणसाला नुसतं बसवून ठेवायचं, हे आम्ही बापजन्मी पाहिलेलं नाही! आणि पुष्पा तर जागची हलेना.

"ऊठ वं! नाव पुकारलं ना!"

"दादा, बस खाली! अजून पाकीट..."

"लाजून काऊन राह्यली? मी होतो पुढं!"

आणि निघालो. कोणी अडवलं नाही (कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, वर जाकीट, आमदार वाटलो असणार). पायऱ्या चढलो, निवेदकाला नमस्कार केला. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने पाकीट फोडलं. नाव भलत्याच बाईंचं! त्या वर आल्या. मी बाजूला सरकून त्यांना वाट दिली. शेवटी मीच "अभिनंदन, ताई" म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि अख्ख्या हॉलने वाजवल्या.

खाली आलो तर पुष्पा तोंड झाकून बसलेली, खांदे गदगदतायत. माझा जीव तीळ तीळ तुटला.

"पुष्पे, चुकलं वं माहं. इज्जत घालवली न मी तुही?"

तिने हात काढले. हसून हसून डोळ्यांतून पाणी!

"दादा, हरली तर लय रडीन असं वाटलं होतं मले. तुनं रडूच नाही देल्लं!"

मग तिने मला नियम समजावून सांगितला. पाचांत जिंकतो एक. बाकीचे चार आपापल्या खुर्चीत बसून हरतात. म्हणजे स्टेजवर चढून, दिव्यांच्या झगमगाटात, टाळ्यांच्या कडकडाटात हरलेला अख्ख्या देशात मी एकटाच. आणि तेही माझं नाव कोणी पुकारलेलं नसताना!