मुठीचं गाडगं

बहात्तरच्या दुष्काळात माझं लग्न झालं. नगरच्या वसतिगृहात वाढलेली, नळाचं पाणी प्यायलेली मी खर्ड्याकडच्या एका खेड्यात येऊन पडले, आणि राग मात्र माहेरून नाकाच्या शेंड्यावर घेऊनच आले. घरात आम्ही तिघंच. हे आणि सासूबाई उजाडताच जामखेडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला जात. हे खडी फोडत, त्या पाट्या वाहत. मी घरी राहून पाणी भरायचं, दळायचं, भाकऱ्या करायच्या.

धान्य म्हणजे मिलो, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिच्यात खडे, माती, फोलपटं इतकी की निवडता निवडता मान मोडून यायची. भाकरी थापली की चिरायची. तीही ह्यांना दीड, सासूबाईंना एक, आणि मला उरेल ती.

आणि त्यातूनसुद्धा मूठ काढायची! तिथल्या आम्हा ख्रिस्ती बायांची ती रीत होती. जात्यावर बसण्याआधी मूठभर दाणे देवाच्या नावानं वेगळ्या गाडग्यात टाकायचे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गाडगं देवळात न्यायचं. देऊळ म्हणजे शेजारच्या गावातली पत्र्याची एक खोली, भिंतीवर लाकडी क्रूस. जमलेलं धान्य मंडळीतल्या, म्हणजे त्या देवळाला येणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांतल्या, निराधार माणसाला जाई. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "भाकर कमी पडली तरी चालंल. मूठ चुकवायची न्हाई."

मी आठ दिवस पाळलं. नवव्या दिवशी हे कामावरून आले ते हातांना चिंध्या गुंडाळून. भाकरी संपली तसे ताटात सांडलेले कण त्यांनी बोटाने टिपून खाल्ले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरचा माणूस अर्धपोटी दगड फोडतो आणि आपण देवाला दाणे घालतो! देवाला काय कमी आहे? मी ठरवलं, माझ्या घरात माणूस आधी.

दुसऱ्या दिवसापासून मुठीचे दाणे जात्यात गेले. पण गाडगं रिकामं दिसून चाललं नसतं. म्हणून आधीचे आठ मुठी दाणे मी सुपात काढून घेतले, तळाशी निवडून टाकलेली माती, खडे आणि फोलपटं भरली, आणि वर ते दाणे पसरले. दिसायला गाडगं गळ्यापर्यंत भरलेलं. ह्यांची भाकरी थोडी जाड होऊ लागली आणि मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

रविवारी सासूबाईंनी गाडगं उचललं, जरा वेळ तसंच हातात धरलं आणि मग डोक्यावर घेतलं. देऊळ दोन मैलांवर. वाटेत त्या दोनदा थांबल्या. दुसऱ्यांदा तर बाभळीखाली गाडगं खाली ठेवून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"दमलात का आत्याबाई?" मी विचारलं.

"मी न्हाई. तू दमली असशील म्हनून थांबले," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चालू लागल्या.

नगरला दानाची पिशवी फिरायची, नाणं टाकलं की झालं. इथे गाडगी ओळीने मांडून ठेवत असतील, असं मी धरून चालले होते. पण आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, मेजासमोर पांढरी चादर अंथरली आणि एकेक बाई पुढे होऊन आपलं गाडगं तिच्यावर पालथं करू लागली. गाडगं पालथं केलं की तळातलं सगळ्यात वर येतं, एवढी साधी गोष्ट मला, मॅट्रिक झालेल्या मुलीला, सुचली नव्हती.

सासूबाईंनी ओतलं. आधी दाणे पडले, मग त्यांच्यावर फोलपटं, खडे, माती. इतर बायांच्या स्वच्छ धान्यावर माझी लबाडी पसरली. मागे कोणीतरी हसलं. मी मान खाली घातली.

"माज्या घरचं गाडगं हाय," सासूबाई म्हणाल्या. "चूक माजी."

त्यांनी सूप मागून घेतलं आणि उपासना संपेपर्यंत देवळाच्या दारात बसून त्या सगळं धान्य पाखडत, निवडत राहिल्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलेसुद्धा नाही. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

परतताना त्यांनी धान्याचं गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं आणि वाटेवरच्या एका खोपटात पोचवायला सांगितलं. तिथे मंडळीतली एक आंधळी म्हातारी एकटी राहायची. मी गाठोडं सोडून तिच्यापुढे ठेवलं. तिने दाण्यांत हात घातला, तोंडभर हसली, आणि पहिली मूठ उचलून चाचपडत कोपऱ्यातल्या एका कानतुटक्या गाडग्यात टाकली.

"आजी, हे सगळं तुमच्यासाठीच आहे," मी म्हटलं. "तुम्ही कशाला मूठ काढता?"

"का? मी काय भिकारीन हाय व्हय?" म्हातारी फणकारली. "घेती तशी देती बी. मंडळीतली हाय मी."

मी बाहेर येऊन कुडाला टेकले आणि रडले. माझ्या नवऱ्याची भूक खरी होती, त्यावरून मी देवाशी आजही भांडेन. पण मी ह्यांना जास्तीची भाकरी घातली ती या आंधळ्या बाईच्या वाट्यातली, आणि वर देवाला माती दिली. मूठ माझ्या भाकरीतून काढता आली असती, ते मात्र माझ्या मनातही आलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि ठरवलं, हे कबूल करायचं. घरात नाही, देवळात, जिथे ओतलं तिथेच.

महिनाभर मी मूठ काढली, माझ्या वाट्याची, हट्टाने. भुकेने चक्कर आली की चूल फुंकता फुंकता प्रार्थना करायची, तीही जरा तावातावानेच. पुढच्या महिन्यात गाडगं मी स्वतः डोक्यावर घेतलं. चादरीसमोर उभी राहिले. मोठ्याने म्हणाले, "मागच्या वेळची माती मी भरली होती. आत्याबाईंना काहीच माहीत नव्हतं."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "ठावं हुतं. घरातनं उचललं तवाच कळलं. दान्याचं वजन हाताला कळतंय."

मी गर्रकन वळले. "मग ओतलंत कशाला?"

"वाटंत दोनदा थांबले की तुज्यासाठी. तू बोलली न्हाईस. म्हनलं, आज न्हाई तर उद्या बोलंल." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच आवाज चढवला. "आता बोललीस न्हवं? मंग वत ते गाडगं. लोकं खोळंबल्यात."

मी गाडगं पालथं केलं. तळापर्यंत दाणेच होते.